चंदनाचं बरोबर उत्तर

मी बारा वर्षं विज्ञान शिकवतोय आणि बारा वर्षं उत्क्रांती चुकीची शिकवली. हे वाक्य आज कागदावर सहज उतरलं. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी ते भरल्या वर्गासमोर म्हणायचं होतं, तेव्हा मात्र तोंडातून निघालंच नाही.

माझं नाव पंढरी. गाव पोशेरा. घरी उतारावरची भात-नाचणीची शेती, आणि गावातला पहिला बी.एस्सी. मी. मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. स्वभाव तापट, आणि देवाधर्माचा विषय निघाला की जास्तच. भगतानं लिंबातून रक्त काढून दाखवलं की मी त्याच्यासमोरच दुसऱ्या लिंबातून तसलंच रक्त काढतो आणि ते कुठल्या रसायनाचं आहे तेही सांगतो. आई म्हणायची, तुझ्या जिभेला काही हाड नाही. मला ते कौतुक वाटायचं.

दहावीच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा धडा माझा लाडका. देवानं माणूस घडवला असं मानणाऱ्या पोरांना मी एका तासात गप्प करायचो. फळ्यावर पाच पायऱ्यांचा जिना काढायचा. तळाला माकड, मग वाकलेला केसाळ माणूस, मग भालेवाला, मग नांगरवाला, आणि सगळ्यात वर शर्ट-पँटवाला. वरच्याच्या हातात मी पुस्तक द्यायचो. पोरं ओरडायची, "सर, ह्यो तुमी!" मी हसायचो आणि हात झटकून खडूची पूड उडवायचो.

या वर्षी दहावीत दोन कातकरी मुली होत्या, चंदना आणि पुष्पा. सूर्यमाळच्या खालच्या अंगाला त्यांचा पाडा, वसतिगृहात न राहता तिथून तासभर चालत यायच्या. कातकऱ्यांना आमच्यासारखी जमीन नाही. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो आणि अख्खी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती थेट पाऊस तोंडावर आल्यावर परततात. पुष्पाचा बाप रोपवाटिकेत कामाला होता म्हणून तिचं घर तेवढं जागेवर राहायचं. आमच्या गावात कातकरी दारात आला तर त्याला पाणी वरून ओतत. मी लहानपणी स्वतः ओतलंय. शिकलो तसं ते सोडलं, असं मला वाटत होतं.

ऑगस्टमध्ये घटक चाचणी घेतली. तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा होता. आजची माकडं ही माणसाचे पूर्वज आहेत, चूक की बरोबर ते लिहा आणि कारण द्या. मला "बरोबर" हवं होतं. एकोणचाळीस पोरांनी मला हवं तेच लिहिलं. चंदनानं लिहिलं होतं: "चूक. माकड आपला बाप नाही, भावकी आहे. बाप दोघांचा एकच होता, तो आता नाही."

मी लाल पेनानं फुली मारली. फुलीवर भागलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. वर्गात पेपर वाटताना मी तिचा पेपर हातात धरून मोठ्यानं वाचला. कातकऱ्यांमध्ये एक गोष्ट सांगतात, की ते रामाच्या वानरसेनेचे वंशज. ती मला माहीत होती. मी म्हटलं, "पोरांनो, आजीच्या गोष्टी पेपरात लिहिल्या की असं होतं. चंदनाची भावकी अजून झाडावर आहे." वर्ग खदखदून हसला. मागून एकानं विचारलं, "सर, मंग ही कंच्या पायरीवर?" दुसरा म्हणाला, "दुसऱ्या!" मी नाही म्हटलं नाही. हसलो आणि पुढचा पेपर उचलला.

चंदनानं जागेवर बसून पेपरची घडी घातली, चार बोटांएवढी बारीक होईपर्यंत घालत राहिली. मला ते दिसलं होतं. जेवणाच्या रांगेत पोरं तिच्यामागे हुप्प हुप्प करतात हेही मला चार दिवसांनी कळलं, तेव्हा मी दोघांचे कान पिळले आणि विषय संपवला. पुढच्या आठवड्यात ती यायची बंद झाली. मी हजेरीत रोज "अ" लावत गेलो. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "यांची पोरं टिकत नाहीत, साहेब." इतकं सोपं होतं ते. तीन महिने मला त्याचं काहीच वाटलं नाही, आणि आता सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

दिवाळीची सुट्टी संपता संपता जव्हारला विज्ञान शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मीना मॅडम आल्या होत्या, बारीक आवाजाच्या, साध्याशा. उत्क्रांतीचा विषय निघाला तसे माझ्या शेजारचे दिपेश सर उठले. हे आमच्याच तालुक्यातल्या दुसऱ्या शाळेतले, कपाळाला टिळा, स्वभावानं गोड. म्हणाले, "मॅडम, हा शेवटी सिद्धांतच ना? देवानं माणसाला वेगळा, सगळ्यात श्रेष्ठ बनवून पाठवलं, असं पोरांना सांगितलं तर काय बिघडतं?"

मी अशाच संधीची वाट बघत असतो. मॅडमना बोलूही न देता उठलो. "बिघडतं! माकडापासून माणूस झाला, पायरी पायरीनं वर चढत आला, हे सिद्ध झालंय. मी बारा वर्षं फळ्यावर जिना काढून शिकवतो." आणि पुढे जाऊन तो काढूनही दाखवला, पाचही पायऱ्या, हातात पुस्तकासकट.

मॅडमनी तो नीट बघितला. मग म्हणाल्या, "दिपेश सर, सिद्धांत म्हणजे अंदाज नव्हे. जीवाश्म, हाडांची रचना, पेशीतली गुणसूत्रं, सगळीकडचा पुरावा एकच सांगतो. पण पंढरी सर, तुमचंही बरोबर नाही. आजची माकडं आपले पूर्वज नाहीत. ती आपली चुलत भावंडं. दोघांचा पूर्वज एक होता आणि तो आता उरलेला नाही. जिना नसतोच. झाड असतं, आणि आज जिवंत असलेलं प्रत्येक जण आपापल्या फांदीच्या शेंड्यावर आहे. तुमच्या दोघांचं भांडण मला खोटं वाटतं. हे माणसाला देवाच्या हातानं सगळ्यांच्या वर बसवतात, तुम्ही उत्क्रांतीच्या हातानं. बसायचं दोघांना वरच आहे."

लोक हसले. दिपेश सरही हसले, मनमोकळे. मी फळ्याजवळ खडू घेऊन उभा. पण मला त्या हसण्याचं काही वाटलंच नाही, कारण माझ्या कानात दुसरंच वाजत होतं. बाप दोघांचा एकच होता, तो आता नाही. मॅडमनी जे सांगितलं ते त्या पोरीनं ऑगस्टमध्येच दोन ओळींत लिहून दिलं होतं आणि मी त्यावर फुली मारली होती. दुपारच्या जेवणाला मी गेलो नाही. एस.टी. डेपोत जाऊन बसलो आणि मोखाड्याची गाडी लागेपर्यंत उठलो नाही.

रविवारी सकाळी मोटारसायकल काढली. नाचणी कापून झाली होती, खळी सारवलेली होती. डांबर संपल्यावर गाडी एका आंब्याखाली लावली आणि पायवाटेनं पाड्यावर उतरलो. वाटेत मी मनात एक छान भाषण जुळवलं होतं. आदिवासी आजीच्या गोष्टीत केवढं विज्ञान दडलेलं असतं, आम्ही शिकलेले लोक ते कसे विसरलो, असलं काहीतरी. माझे मलाच डोळे भरून आले होते. आता ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

चंदनाचा बाप कान्हा अंगणात टोपल्या, तवा, गोधड्या असं सामान बांधत होता. मला बघून उठला. "गुरजी? या. बसा." त्याच्या म्हाताऱ्या आईनं, कोंडीनं, आतून तांब्या आणला आणि माझ्यापुढे धरला. आयुष्यात मी कातकऱ्याच्या घरी पाणी प्यायलो नव्हतो. हात पुढे जायला एक क्षण लागला. फक्त एक क्षण, पण म्हातारीनं तो बघितला. ती तांब्या तसाच धरून उभी राहिली. मी प्यायलो.

"पोरगी मागं ओढ्याला गेलीय, येल," कान्हा म्हणाला. "मंगळवारी ट्रक हाय. ती पन येतेय औंदा भट्टीवर."

"कान्हाभाऊ, तिची दहावी आहे. परीक्षेचा फॉर्म याच महिन्यात भरायचाय."

"मी नको बोललोच नाय. आजीसंगं ऱ्हा, शाळेत जा, असं मीच सांगलं. तिलाच नाय जायचं. का ते सांगत नाय." तो माझ्याकडे बघत होता. त्याला खरंच माहीत नव्हतं. पोरीनं घरी एक शब्द काढला नव्हता.

मी सांगितलं. कसंबसं सांगितलं, पण सगळं सांगितलं. पेपर, हसणं, पायरी. कान्हा खाली बघत दोरी बोटाला गुंडाळत राहिला. कोंडी म्हणाली, "आमच्यात सांगतात तसं. दोघं भाव होतं. लंका जिकून राम निंगाला तवा त्यानं इचारलं, तुमाला काय देऊ. एक म्हनला, मला मानूस कर. दुसरा म्हनला, मी हाय तसाच बरा. मानूस झाला त्याची आमी पोरं. दुसरा रानात ऱ्हायला. म्हनून लाल तोंडाचं माकड आमी मारत नाय नि खात नाय. भावकीला कोन खातं? यात हसन्यासारखं काय हाय, गुरजी?"

काहीच नव्हतं. तेवढ्यात चंदना डोक्यावर हंडा घेऊन आली. मला बघून थबकली, हंडा उतरवून ठेवला आणि ओल्या ओढणीनं तोंड पुसत आजीच्या मागं उभी राहिली. मी खिशातून तिच्या पेपरची झेरॉक्स काढली. नोंदीसाठी आम्ही ठेवतो ती. फुली खोडून मी तिथे पूर्ण गुण दिले होते.

"चंदना, तुझं बरोबर होतं. मी चुकलो. रामानं माणूस केला याला पुरावा नाही, ते मी विज्ञान म्हणून कधी शिकवणार नाही. पण आजीच्या गोष्टीतून तू जे लिहिलंस..."

"मी आजीचं नाय लिवलं, सर," ती म्हणाली.

"मग?"

"पुस्तकातलं लिवलं. प्रयोगशाळेच्या कपाटात खालच्या फळीवर एक जाडं पुस्तक हाय, पुठ्ठा निघालेलं. त्यात झाडाचं चित्र हाय. एका फांदीवर माकड, एका फांदीवर मानूस, नि खाली दोन्ही एकाच जागी मिळतात. त्याच्याखाली लिवलंय. मी चार येळा वाचलं. भावकी शब्द तेवढा आमच्या घरातला."

"ते पुस्तक तुला कुणी दिलं?"

"कुनी नाय. कपाट पुसायला तुमी दर शनवारी मलाच सांगत व्हते ना."

त्या कपाटाची किल्ली बारा वर्षं माझ्याकडे आहे. त्यातलं ते पुस्तक मी एकदाही उघडलेलं नाही. वर्गात चाळीस पोरं असताना दर शनिवारी फडकं मी तिच्याच हातात का द्यायचो, याचाही विचार कधी केला नव्हता. एकट्या तिनं अभ्यास केला होता आणि मी त्याला आजीची गोष्ट म्हणालो होतो, कारण कातकऱ्याच्या पोरीनं पुस्तक वाचलं असेल हे माझ्या मनातच आलं नव्हतं. वाटेत जुळवलेलं भाषण तिथेच आटलं. मी हात जोडले आणि म्हणालो, "माझी चूक झाली. तू शाळेत ये."

तिनं माझ्या हातातल्या झेरॉक्सकडे बघितलं. मग म्हणाली, "हितं सांगून काय उपेग? हितं कुनी हसलं नव्हतं. वर्गात सांगा. माझं नाव घेऊन सांगा. माझं बरोबर व्हतं नि तुमचं चुकलं, असं सांगा. मंग येते."

"उद्याच सांगतो."

"मी उद्या नाय येनार. पुष्पा येल. ती घरी येऊन मला सांगंल." कान्हा म्हणाला, "तसं झालं तं ही आजीसंगं ऱ्हाईल, गुरजी. मी तिला नेत नाय." मी त्याला शब्द दिला. परत चढताना पाय हलके पडत होते. सगळं निस्तरलं असंच मला वाटलं.

सोमवारी पहिलाच तास दहावीचा. वर्गात शिरलो तर मागच्या बाकावर मुख्याध्यापक आणि तपासणीला आलेले एक साहेब बसलेले. साहेब म्हणाले, "चालू द्या, चालू द्या." पुष्पा दुसऱ्या रांगेत, हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती. तोंड उघडलं तेव्हा माझ्या मनात खरंच ते वाक्य होतं. पण बारा वर्षं चुकीचं शिकवलं, हे त्या साहेबांसमोर? मी म्हणालो, "घटक चाचणीतल्या तिसऱ्या प्रश्नाचे काही पेपर पुन्हा तपासले आहेत. 'चूक' हे उत्तरही ग्राह्य धरलंय. ज्यांचं तसं असेल त्यांचे गुण वाढतील."

पोरांना काही कळलं नाही. साहेबांनी मान डोलावली आणि पाच मिनिटांत उठून गेले, मुख्याध्यापक त्यांच्यामागे. तास अजून अर्धा तास उरला होता. दार लावून घेऊन मी सगळं सांगू शकलो असतो. साहेब हे कारणच नव्हतं, हे तेव्हा मला स्वच्छ कळत होतं. पुष्पा अजून बघत होती. मी फळ्याकडे वळलो, पुढच्या धड्याचं नाव लिहिलं आणि तास संपेपर्यंत मागे वळताना तिच्या बाजूला बघितलं नाही.

मंगळवारभर मी स्वतःला समजावत होतो. गुण तर दिले. अर्थ तोच होतो. ती शहाणी आहे, समजून घेईल. बुधवारी शाळा सुटल्यावर पाड्यावर गेलो. उन्हं उतरत होती. चार घरं बाहेरून काट्या लावून बंद केलेली होती. कोंडी एकटी ओट्यावर बसून नाचणी पाखडत होती.

"गेली," ती म्हणाली. मी काही विचारायच्या आधीच.

"आजी, मी सांगितलं होतं..."

"पुष्पा आली व्हती सोमवारी. पोरीनं तिला हितं बसवलं. म्हनली, सर काय बोललं ते सगळं सांग, एक शबुद गाळू नको. तिनं सांगलं. पोरीनं इचारलं, माझं नाव घेतलं? ती म्हनली, नाय. चुकलो म्हनलं? नाय. काय म्हनलं? मार्क वाढवलं म्हनलं." कोंडीनं सूप झटकलं. "काल ट्रक आला. बाप चढू देत नव्हता तिला. म्हनला, मी जाईन गुरजींकडं, पायजे तं पाया पडीन. ती म्हनली, तू कशाला पडतोस. नि आपली आपण चढली."

मी उभा होतो. तिनं मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी भट्टी कुठली, मुकादम कोण, विचारलं. भिवंडीच्या बाजूला, एवढंच तिला माहीत होतं. फॉर्म भरायची मुदत सात दिवसांवर होती. त्या सात दिवसांत तीन भट्ट्या मी फिरलो. तिथल्या विटा पाडणाऱ्यांत चंदना नव्हती.

मुदत संपली त्या दिवशी मी वर्गात गेलो, दार लावलं आणि फळ्यावर झाड काढलं. मग सांगितलं. चंदनाचं नाव घेऊन सांगितलं, की तिचं उत्तर बरोबर होतं, ती तुमच्यातली एकटीच वाचून आली होती, मी स्वतः ते पुस्तक उघडलं नव्हतं, मी बारा वर्षं चुकीचं शिकवलं, मी तिच्यावर हसलो आणि तुम्हाला हसवलं. सोमवारी हे सांगायचा शब्द दिला होता तोही मोडला. पायऱ्या नसतात, कुणीच खालच्या पायरीवर नसतं, आणि तो जिना माझ्या डोक्यातून फळ्यावर आला होता, पुस्तकातून नव्हे. कुणी हसलं नाही. हुप्प करणाऱ्या दोघांनी माना खाली घातल्या होत्या.

बोलून झाल्यावर मी विचारलं, कुणाला काही विचारायचंय का. पुष्पा उभी राहिली.

"सर," ती म्हणाली, "आता हे मी कुनाला सांगू?"